सात नंबरची ओळ

मार्लो लँडिंग, आयोवा
१४ सप्टेंबर १९२४

प्रिय ओटो,

तुझा पत्ता गस टीटजेनकडून मिळाला. तू त्याला पाठवलेल्या कार्डावर लाकडाच्या गिरणीचं चित्र आहे. पत्ता मी तीनदा ताडून पाहिला आहे, त्यामुळे पत्र चुकीच्या माणसाच्या हाती जाणार नाही.

दोन वर्षांत मी तुला पत्र पाठवलं नाही. लिहिली होती, टाकली नाहीत. हे टाकतो आहे, कारण एक काम आहे.

इथल्या व्यापारी मंडळाला आपल्या फुटबॉल संघाची एक छोटी पुस्तिका हवी आहे. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी चर्चच्या दालनात जेवण आहे, तिथे ती वाटायची. 'मार्लो लँडिंग पर्ल्स' हा संघ १९२१ साली निघाला आणि १९२३च्या डिसेंबरात बंद पडला. गस त्याचा व्यवस्थापक होता, म्हणून माहिती तो सांगतो आणि मी लिहून घेतो. काल म्हणाला, "तीन हंगाम, एमिल! माझं पहिलं लग्नसुद्धा एवढं टिकलं नव्हतं लेका."

पुस्तिकेत तिन्ही वर्षांच्या खेळाडूंची यादी येणार आहे. सगळ्या ओळी जुळवून झाल्या, एकच राहिली आहे. ऑक्टोबर १९२२, सात नंबर, फुलबॅक. तीन रविवार.

त्या ओळीत कोणतं नाव घालू, ते मला कळव. पॅट केली की ओटो वोस्मिक. अक्षरांचे खिळे जुळवून बांधलेला फर्मा वीस नोव्हेंबरला छपाईच्या मशीनवर चढेल. तोवर तुझं उत्तर आलं नाही, तर मी केली घालीन, कारण ते तरी कोणाला दुखवत नाही.

आई बरी आहे. बटणं पुठ्ठ्यावर शिवायचं काम अजून घरी आणते. हे पत्र लिहितोय ते मी तिला सांगितलेलं नाही.

तुझा भाऊ,
एमिल


२८ सप्टेंबर १९२४

प्रिय ओटो,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

सुरुवातीचा भाग लिहून झाला. तू तेव्हा कॉलेजात होतास, म्हणून थोडं सांगतो. मैदान बटणांच्या कारखान्यामागेच घेतलं होतं, आणि तिथला खड्डा बुजवायला बटणं कापून उरलेले शिंपले टाकले होते. वर माती पसरली, पण पहिल्या पावसात ती धुपली. पाहुण्या संघाचा कुणी पडला की त्याच्या कोपरावर गोल गोल भोकांच्या शिंपल्यांचे ओरखडे उठायचे. एका गावच्या संघानं तक्रार केली, "हे मैदान आहे की खिसणी?" गसनं उत्तर पाठवलं, की आमची पोरं त्यावर रोज खेळतात आणि कुरकुर करत नाहीत. कुरकुर करायची. मी ऐकली आहे.

आणि ती अंगरख्यांची गंमत. कारखान्याच्या मालकाला जाहिरात हवी होती, म्हणून त्यानं प्रत्येक अंगरख्यावर समोर आठ आठ शिंपल्याची बटणं लावली. अंगरखा डोक्यातून घालायचा, बटणांचं काही काम नाही. पहिल्याच धडकेत चहूकडे बटणं उडाली. लोक ओरडले, "पर्ल्स कसले, ही तर तुटकी बटणं!" तेच नाव पडलं. सोमवारी आई आणि शेजारच्या मिसेस क्राल मैदानावर वाकून बटणं वेचायच्या आणि पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा शिवून द्यायच्या. पुस्तिकेत गस हे घालू देत नाहीये. मी घालणार आहे.

दुसऱ्या हंगामात गसला चेंडू घेऊन मुसंडी मारणारा फुलबॅक मिळेना, म्हणून त्यानं तुला बोलावलं. तेव्हाची रीत तुला मी काय सांगणार. कॉलेजातली मुलं शनिवारी कॉलेजकडून खेळायची आणि रविवारी खोट्या नावानं आमच्यासारख्या संघाकडून. सगळ्यांना माहीत असायचं, कुणी बोलायचं नाही. नाव बाहेर फुटलं, तर कॉलेजातली जागा गेली. गसनं तुला पॅट केली केलं. सव्वासहा फूट उंच, पिवळ्या केसांचा चेक, बोहेमियन पोरगा, आणि नाव आयरिश, पॅट केली! फादर डनिगन आईला बाजारात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "हे केली कुठल्या परगण्यातले हो? चर्चमध्ये मासला कसे दिसत नाहीत?" आई इंग्रजी न समजल्यासारखं करून कांदे निवडत राहिली.

बावीस ऑक्टोबरच्या सामन्यात वाटायचं खेळाडूंच्या नावांचं पत्रक आमच्या छापखान्यात छापलं गेलं. त्यात सात नंबरपुढे केलीऐवजी तुझं खरं नाव गेलं. हे कसं झालं ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. आईला दाखवायला एक प्रत खऱ्या नावानं काढली होती, तेवढ्यात आमच्या मालकांनी, मिस्टर पेटीबोननी, मी नसताना फर्मा तसाच चालवला. मी परत आलो तेव्हा बंडलं गेलेली होती.

उत्तराची वाट बघतो.

एमिल


१२ ऑक्टोबर १९२४

प्रिय ओटो,

शेवटच्या सामन्याचं पान आज पुरं केलं. तू नव्हतास, म्हणून लिहितो.

तुझ्या प्रकरणानंतर कॉलेजची मुलं आमच्याकडे यायला धजेनात. गस गावोगाव हिंडला. सगळे म्हणायचे, "मार्लो लँडिंग? तिथे नावं छापतात ना?" तेवीस सालच्या हंगामात अकरा माणसं उभी करायला त्याला कारखान्याच्या भट्टीवरची माणसं घ्यावी लागली. आठ सामने हरलो. नोव्हेंबरात मालकानं अंगरखे परत मागितले, बटणांसकट.

दोन डिसेंबरला बर्फ पडत होतं. बघायला पन्नासही माणसं नव्हती आणि त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. उत्तरार्धात आमचा फुलबॅक पाय मुरगळून बसला. राखीव कुणीच नव्हतं. गसनं आपली टोपी माझ्या हातात दिली आणि सात नंबर अंगात चढवला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, ओटो. पोट बाहेर. पलीकडचे हसले, "आजोबा, काठी विसरलात!" गस म्हणाला, "काठी तुझ्या आईकडे राहिली." मग चेंडू घेऊन तो चार यार्ड गेला आणि पाच जण त्याच्यावर पडले. उठला तेव्हा त्याच्या अंगरख्यावर एकच बटण उरलं होतं. ते त्यानं तोडून खिशात टाकलं.

संघ बुडायला दहा कारणं होती. मी ती पुस्तिकेत क्रमानं लिहिली आहेत. एक लिहिलेलं नाही.

मागच्या पत्रातलं एक वाक्य तपासायचं राहिलं आहे. पुढच्या रविवारी तपासून लिहितो.

एमिल


१९ ऑक्टोबर १९२४

प्रिय ओटो,

ते वाक्य खोटं होतं. मी परत आलो तेव्हा बंडलं गेलेली नव्हती.

सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे काही गाळता येणार नाही.

एकवीस ऑक्टोबर, शनिवार. दुपारी पत्रकाचा फर्मा तयार होता, सात नंबरपुढे पॅट केली. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण आपलं आडनाव ती कुठेही ओळखते. बाबांच्या कबरीच्या दगडावर सोडून तिनं ते छापलेलं कुठे पाहिलं नव्हतं. मी केलीची ओळ उचलून ठेवली, तुझ्या नावाची ओळ बसवली, जाड कागदावर एक प्रत काढली आणि शाई ओली असतानाच घरी धावलो. फर्मा तसाच मशीनवर राहिला. ही माझी पहिली चूक.

आईनं आधी हात धुतले. मग कागद दोन बोटांनी धरून खिडकीपाशी नेला. कॉफी टाकली आणि मला खसखशीचा कोलाच, तो गोड पाव, दिला, जो एरवी फक्त ईस्टरला करते. मी अर्धा तास बसलो.

परत आलो तेव्हा छापखान्यात कुणी नव्हतं. मिस्टर पेटीबोनना नदीपलीकडे बहिणीकडे जायचं होतं, बोट चुकू नये म्हणून त्यांनी स्वतःच सहाशे प्रती काढून ठेवल्या होत्या. शंभराची सहा बंडलं, टेबलावर, बांधलेली. मी पहिलं सोडलं. मग सहाही सोडली. सगळ्यांत वोस्मिक.

गसचा माणूस पाच वाजता येणार होता. तेव्हा तीनही वाजले नव्हते. केलीची ओळ समोर पडली होती. कागद होता, सोमवारच्या चर्चच्या कामाचा होता, पण होता. दोन तासांत मी सगळं पुन्हा छापू शकलो असतो. फक्त सोमवारी मिस्टर पेटीबोनना सांगावं लागलं असतं.

ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "एमिलकडे द्या. चार वर्षांत या मुलाची एक चूक नाही." सहावीतून शाळा सोडलेल्या माणसाकडे दुसरं काय असतं? मला वाटलं, पत्रक कोण वाचतं. लोक त्यावर बसतात.

आणि आणखी एक आहे, ते मी कबुलीजबाब देतानाही फादरना सांगितलेलं नाही. ती सहाशे नावं बघून मला आनंद झाला होता. एक नव्हे, सहाशे वोस्मिक. मी बंडलं पुन्हा बांधली आणि ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तू चिखलातून साठ यार्ड पळालास. सगळ्यांच्या हातात तुझं खरं नाव होतं, आणि आधीच्या दोन रविवारच्या सवयीनं सगळे ओरडत होते, "धाव केली! धाव!" फादर डनिगन तर खुर्चीवर चढले होते. मला हसू येत होतं. मला वाटलं, सुटलो. पण पाहुण्यांपैकी कुणीतरी पत्रकावर बसला नाही. बुधवारी ते तुझ्या कॉलेजच्या डीनच्या टेबलावर होतं.

तू घरी आलास तेव्हा स्वयंपाकघरात म्हणालास, "मला शिकवायला तुला शाळा सोडावी लागली, म्हणून माझंही सुटावं असं तुला वाटत होतं ना?" मी म्हणालो, "पेटीबोननं छापलं, मी घरी होतो." तू विचारलंस ते खरं नव्हतं, ओटो. पण मी जे उत्तर दिलं, तेही खरं नव्हतं. तू गव्हाच्या गाडीतून पश्चिमेला गेलास, आणि मी खरं सांगायला दोन वर्षं घेतली.

आता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजेन.

एमिल


२ नोव्हेंबर १९२४

प्रिय ओटो,

मी मिस्टर पेटीबोनना सांगितलं.

तुला माहीत नसेल, पण त्या पत्रकानंतर गस छापखान्यात येऊन त्यांच्यावर ओरडला होता. उरलेलं एक बंडल त्यानं त्यांच्या टेबलावर आपटलं. "म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे? एका पोराचं वाटोळं केलंस!" मी मागे खिळे परत खणात टाकत उभा होतो. मिस्टर पेटीबोननी बंडलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातून झालं." तेव्हापासून गावात बोलतात, की पेटीबोनला आता दिसत नाही. दोन घरांनी लग्नाच्या पत्रिका दुसऱ्या गावी छापून घेतल्या.

काल शनिवारी दुकान बंद करायच्या आधी मी टोपी काढून त्यांच्यासमोर उभा राहिलो. तू असतास तर हसला असतास.

"मिस्टर पेटीबोन, त्या पत्रकाबद्दल मला एक सांगायचं आहे."

"सांग."

मी सगळं सांगितलं. वेळेसकट. ते चष्मा पुसत होते.

"झालं?"

"झालं, साहेब."

"माझी गाठ ओढली की सुटते," ते म्हणाले. "तुझी दुहेरी असते, आणि दोन्ही टोकं सारखी कापलेली. कात्रीशिवाय सुटत नाही. गसनं बंडल आपटलं ना, त्यावर तुझी गाठ होती."

मी टेबलावरच्या दोरीच्या रिळाकडे पाहिलं.

"मला वाटलं आठवडाभरात सांगशील. मग वाटलं, ख्रिसमसला तरी. नंतर मी वाट बघणं सोडून दिलं, पोरा. तेच वाईट वाटलं."

"तुम्ही गसला का नाही सांगितलं?"

"तुझा भाऊ गेलाच होता. तुलाही घालवून काय मिळालं असतं?" मग चष्मा लावून म्हणाले, "आणि चार वर्षांत तुझी एक चूक नाही असं मी सांगत होतो, ती मूर्खपणाची गोष्ट होती. तेवढं ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवू नये. आता काय करणार आहेस?"

मी म्हणालो, पुस्तिकेच्या शेवटी शुद्धिपत्र घालतो. त्यांनी मान हलवली. "बारीक अक्षरात नको," एवढंच म्हणाले.

गसलाही सांगितलं. तो मला मारेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ शिव्या देत होता, त्या मी लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "म्हाताऱ्याची माफी मागायला आता मला जावं लागणार, तेही तुझ्यामुळे!" आणि खरंच गेला.

सोबत शेवटच्या दोन पानांचं प्रूफ पाठवतो आहे, आणि तिकीट लावलेलं पाकीट. सात नंबरच्या ओळीत मी आधी ओटो वोस्मिक असं जुळवलं. मग मला वाटलं, एकदा तुला न विचारता छापलं, पुन्हा नको. म्हणून पेन्सिलनं ते खोडून बाजूला पॅट केली लिहिलं आहे. खाली शुद्धिपत्र आहे, ते असं: "२२ ऑक्टोबर १९२२च्या पत्रकात सात नंबरचं नाव चुकीनं उघड झालं. चूक खिळे जुळवणारा एमिल वोस्मिक याची होती. त्याला ती वेळेत कळली होती. श्री. पेटीबोन यांचा तिच्याशी संबंध नाही."

प्रूफ सुधारायच्या त्या खुणा तुला आठवत असतील. मी छापखान्यात नवा असताना संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर घोकायचो आणि तू शेजारी बसून माझ्याआधी शिकायचास. मास्तरांनी तुझ्या प्रगतिपुस्तकातलं 'वर्तन चांगलं' खोडलं, तेव्हा तू त्या खोडलेल्या शब्दांखाली टिंबं देऊन ते परत नेलं होतंस. मास्तरांना अर्थ कळेना. तू त्यांना समजावलंस, की खाली टिंबं दिली की खोडलेलं रद्द, शब्द आहे तसा राहू द्यायचा. त्यावर तुला छड्या बसल्या, आणि मला आईच्या.

प्रूफ परत पाठव किंवा पाठवू नकोस. वीस तारखेला फर्मा चढेल.

एमिल


२३ नोव्हेंबर १९२४

प्रिय ओटो,

पाकीट मंगळवारी आलं. मी ते दुकानात उघडलं नाही. घरी नेलं आणि आईसमोर उघडलं, कारण तोवर तिलाही सगळं सांगून झालं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती प्रत मी मागितली नव्हती रे. तू आणलीस म्हणून मी घेतली." आणि पिठाच्या डब्याखालून ती काढून दाखवली. घडीवर फाटू नये म्हणून तिनं मागून कापड शिवलं आहे.

तू पत्र लिहिलं नाहीस. पाकीट उलटं करून झटकलं, काही पडलं नाही. फक्त प्रूफ होतं.

केली खोडला आहे. खोडलेल्या ओटो वोस्मिकखाली टिंबं आहेत. मी ती मोजली, दहा आहेत, इंग्रजी नावाच्या प्रत्येक अक्षराखाली एक. पेन्सिल तू फार दाबून धरतोस, अजूनही. आईला खूण माहीत नव्हती. तिनं विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हणालो, "म्हणजे राहू दे." ती उठली आणि हात धुवायला गेली.

शुद्धिपत्राला तू हात लावलेला नाहीस. एक शब्दही हलका केला नाहीस. बरोबर केलंस.

पण वरच्या पानावर तुझ्या धावण्याच्या वर्णनात 'साठ यार्ड' खोडून तू 'त्रेसष्ट' लिहिलं आहेस. ओटो, ते साठ होते. मी गसची वही पाहिली, त्या दिवशीचं वर्तमानपत्र पाहिलं, आणि शुक्रवारी सकाळी मैदानावर जाऊन फूटपट्टीनं मोजलंसुद्धा. बर्फाखाली शिंपले अजून टोचतात. एकोणसाठ आणि थोडे वर. साठ म्हणणंच उदारपणाचं होतं.

त्यामुळे फर्मा एक दिवस उशिरा चढला. मिस्टर पेटीबोन मशीनपाशी उभे होते. त्यांनी प्रूफ पाहिलं, माझी फूटपट्टी पाहिली आणि विचारलं, "काय ठरलं?"

मी त्रेसष्ट छापले आहेत. चूक माहीत असून.

तुझ्यासाठी दोन प्रती वेगळ्या पाठवल्या आहेत. बाकीच्या बुधवारच्या जेवणासाठी बांधून ठेवल्या आहेत. सहा बंडलं, आणि सगळ्या गाठी माझ्या आहेत.

एमिल